उघड्या डोळ्यांचा तुलनात्मक तक्ता

वस्तू: कॅमेरा, डिजिटल, खिशात मावणारा, स्वस्तातला. नग एक.
आलेले पर्याय: दोन. (अ) लाल. (ब) काळा.
तिसरा पर्याय न मागवण्याचे कारण: दुकानदार म्हणाला, दोनच आहेत, घ्यायचे तर घ्या.

एवढं लिहून झालं तेव्हा सोमवार होता आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत तक्ता पुरा होईल असं मी धरून चाललो होतो. मी एका मोठ्या कचेरीच्या भांडार विभागात आहे. बावीस वर्षं मी तुलनात्मक तक्ते करतो. बादल्या, पंखे, टाचण्या, एकदा तर पाण्याची टाकी. कचेरीत जे जे आलं ते माझ्या तक्त्यावरून आलं. खुर्च्याही मीच निवडलेल्या आहेत. त्यांच्यावर बसून लोक पाठ धरतात आणि मला शिव्या देतात, पण तक्त्यात चूक आहे असं म्हणायची आजवर कुणाची छाती झालेली नाही.

निकड: (कचेरीत या रकान्यात आम्ही "कार्यालयीन" एवढंच लिहितो. घरी तसं चालेना.)

आईला पोहायला शिकायचं होतं.

वय अडुसष्ट. मटार सोलता सोलता, दूध संपलंय हे ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी मटारांकडे पाहिलं. तेवढ्यात आईनं घडी घातलेला अर्ज माझ्यापुढे सरकवला. म्हणजे ती तलावावर जाऊनही आली होती. साठीपुढच्या बायकांचा वर्ग, वीस जागा, तीन शिल्लक, शनिवारी साडेबाराला खिडकी बंद. पुढचा वर्ग वर्षानं. मी समजुतीच्या सुरात म्हणालो की पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी मी एकोणसत्तर होईन," आई म्हणाली, "आणि गुडघे ऐंशीचे."

मी अर्जाची घडी उलगडली.

अर्ज सोपा होता. अडचण फोटोची. समोरून घेतलेला, दोन्ही कान दिसणारा, दात न दिसणारा, पांढऱ्या भिंतीपुढचा, महिन्याभराच्या आतला आणि, याच्याखाली रेघ मारलेली होती, डोळे उघडे असलेला. आता आमच्या आईचे डोळे उघडे असलेला फोटो जगात नाही. तिच्या लग्नातल्या फोटोत ती झोपलेली आहे. माझ्या लग्नातल्या फोटोत ती झोपलेली आहे. मी पहिल्यांदा शाळेत निघालो त्या फोटोत मी रडतोय आणि ती माझा हात धरून उभ्या उभ्या झोपलीय. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्यानं मागच्या आठवड्यात नऊ वेळा प्रयत्न केला आणि दहाव्या वेळी म्हणाला, आजी, आता जाग्या व्हा. आई तिथून उठली ती पुन्हा कुठल्याही स्टुडिओची पायरी चढणार नाही असं सांगूनच. राहता राहिला आमच्या फोनमधला कॅमेरा. तो समोर माणूस आहे की कपाट, एवढंच सांगायचा.

म्हणून कॅमेरा. दुकानदारानं जाहिरातीचा कागदच वाचून दाखवला: कुणी डोळे मिटले तर हा कॅमेरा स्वतःहून सांगतो. मी विचारलं, कुठला? तो म्हणाला, दोन्ही. मग मी विचारलं, चांगला कुठला? तो म्हणाला, दोन्ही. माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. दोन्ही घरी न्या, शनिवारी एक परत आणा, पण खोका, पिशवी, कागद सगळं जसंच्या तसं, असं त्यानं बजावलं.

बाब १. किंमत.
लाल: सारखी. काळा: सारखी.
शेरा: इथंच माझा घात झाला. बावीस वर्षं मी ज्या रकान्याच्या जिवावर जगलो तो पहिल्याच ओळीत निकामी झाला. कचेरीत सगळ्यात स्वस्त ते घ्यायचं, आणि बाकीचे रकाने ते स्वस्तच का चांगलं हे सांगण्यासाठी असतात. इथं मला खरंच तुलना करायची होती. ती कशी करतात ते मला ठाऊक नव्हतं, पण हे मी बायकोला सांगितलं नाही.

बाब २. खोका उघडणे.
शेरा: ब्लेडनं, चिकटपट्टीच्या कडेनं, श्वास रोखून, पाऊण तास. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून बायकोनं भांडी घासायचे रबरी मोजे दिले. ते घालून कॅमेऱ्याचं बटण दाबलं की एकदम तीन बटणं दाबली जातात. लाल कॅमेरा त्यामुळे एका अनोळखी भाषेत गेला आणि मंगळवार दुपारपर्यंत तिथंच राहिला.

बाब ३. वजन.
लाल: एकशे अठ्ठावीस ग्रॅम. काळा: एकशे एकतीस ग्रॅम.
शेरा: हे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेतलं, आणि घेताना दार उघडं राहिलं. समोरच्या दारात मोजणीकाका राहतात. जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण मोजायचं काही दिसलं की त्यांचे पाय आपोआप वळतात. त्यांनी विचारलं की वजन बॅटरीसकट की बॅटरीशिवाय? दोरीसकट की दोरीशिवाय? मग ते फीत घेऊन आले. मग खडू घेऊन आले.

काकांचं म्हणणं असं की दोन यंत्रांची तुलना करायची तर बिंदू पक्का हवा. खुर्ची हलली की निष्कर्ष हलला. त्यांनी आमच्या पुढच्या खोलीच्या फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या चार खुणा केल्या, तिथून फितीनं अंतर धरून माझ्या दोन पावलांच्या खुणा केल्या, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाची एक तिरपी रेघही मारली. ती दर अर्ध्या तासानं सरकवावी लागणार होती. दिवाण, टीपॉय आणि पुस्तकांचं कपाट आतल्या खोलीत गेलं. आई मटारांची पाटी घेऊन मधल्या खुर्चीवर बसली. तिच्या मागची भिंत पांढरी हवी म्हणून मी चादर धरायला बायकोला उभं केलं. ती म्हणाली की मी कामावरून सुट्टी घेतलीय ती चादर धरायला नाही. पण धरली.

बाब ४. चेहरा ओळखणे.
लाल:
काळा:
(हे दोन रकाने मी मुद्दाम कोरे ठेवले आहेत.)
शेरा: दोन्ही कॅमेऱ्यांच्या पडद्यावर माणसाच्या तोंडाभोवती आपोआप एक चौकट येते. लाल कॅमेऱ्यानं आईला चौकट दिली. मोजणीकाकांना दिली. चादरीच्या वरून डोकावणाऱ्या बायकोला दिली. भिंतीवरच्या घड्याळाला दिली. उशीला दिली. मग काकांनी तो माझ्यावर धरला, तर मला दिली नाही. मी जवळ गेलो, लांब गेलो, चष्मा काढला, घातला. माझ्या शेजारच्या इस्त्रीला चौकट आली.

यावर तज्ज्ञांचं मत घ्यावं म्हणून बायकोनं तिच्या भावाला बोलावलं. मेहुणा संगणक दुरुस्त करतो आणि जगातल्या कुठल्याही यंत्राची बाजू घेतो. तो सगळं पाहून म्हणाला की कॅमेऱ्याचं काही चुकलेलं नाही. चेहरा कुठं संपतो हे त्याला केसांवरून कळतं.

"तुमचा संपतच नाही, भाऊजी," तो म्हणाला.

मी काळा कॅमेरा मेहुण्याच्या हातात दिला आणि समोर उभा राहिलो. त्यानं मला लगेच चौकट दिली. काळ्याबद्दल माझ्या मनात माया दाटून आली. मग खाली आलेली अक्षरं मेहुण्यानं वाचून दाखवली: कुणाचे तरी डोळे मिटलेले आहेत. खोलीत मी एकटाच त्याच्यासमोर होतो आणि मी डोळे ताणून पाहत होतो. मेहुण्यानं पुन्हा यंत्राची बाजू घेतली. मी हा रकाना कोरा ठेवायचं ठरवलं.

बाब ५. हास्य.
लालमध्ये अशी सोय होती की समोरचा माणूस हसला की फोटो आपोआप निघतो. मेहुण्याच्या मते हाच आमच्या दुखण्यावर इलाज होता, कारण बटण दाबायचंच नाही, तेव्हा आई दचकणार नाही. मी त्याला अर्जातली दातांची अट दाखवली. तो म्हणाला, आई तोंड मिटून हसतील. लाल कॅमेरा काकांच्या खुणेवर, तीन पुस्तकं आणि एका डब्यावर ठेवला गेला, आणि आम्ही सगळे आई हसायची वाट पाहत बसलो.

आई सतरा मिनिटं हसली नाही. काकांनी वेळ धरली होती. मेहुण्यानं एक विनोद सांगितला, त्यावर काका हसले आणि काकांचा फोटो निघाला. मी कचेरीतला खुर्च्यांचा किस्सा सांगितला, त्यावर कुणीच हसलं नाही. शेवटी चादरीमागून बायकोला हसू फुटलं, का ते तिलाही सांगता येईना, आणि फोटो निघाला. चादर पडलेली, बायको वाकलेली, मेहुण्याचा कोपर, आणि मधोमध आई, हातात मटारची शेंग, गाढ झोपलेली.

बुधवार संपायला आला होता. फरशीवर आता एकूण एकवीस खुणा होत्या.

बाब ६. (ही बाब तक्त्यात नव्हती.)

संध्याकाळी पाच वाजता मोजणीकाका उजेडाची रेघ सरकवायला वाकले आणि त्यांचा पाय मटारांच्या पाटीला लागला. मटार खोलीभर पळाले. तीन दिवस आई खुर्चीवर गुमान बसली होती, ती आता बोलू लागली. तिनं आवाज चढवला नाही. तिनं काकांना विचारलं की तुम्ही खात्यात असताना लोकांच्या घरात शिरून असंच करत होता का, आणि करत असाल तर त्यांनी तुम्हाला निवृत्तीपर्यंत कसं जिवंत ठेवलं. काकांचा खडू हातातच राहिला. माझ्या हातात लाल कॅमेरा होता आणि बोट बटणावर होतं. मी दाबलं, की दाबलं गेलं, आता सांगता यायचं नाही.

पडद्यावर आई होती. समोरून, दोन्ही कान, दात नाहीत. डोळे उघडे. नुसते उघडे नाहीत, असे की पाहणाऱ्यानं आपले मिटावेत. कॅमेरा हातोहात फिरला. आईनं चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. मग तिनं पदरानं पडदा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

इथं थांबायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस तो फोटो घेऊन दुकानात पळाला असता. बायको तेच म्हणत होती. पण मी बावीस वर्षं तक्ते केले आहेत. लालला एक संधी मिळाली तर काळ्याला एक मिळायला हवी, नाहीतर तक्ता एकतर्फी होतो, आणि एकतर्फी तक्ता मी आजवर सही करून पुढे पाठवलेला नाही. फोटो साठवायचं कार्ड एकच विकत घेतलं होतं. ते मी लालमधून काढलं आणि काळ्यात घातलं.

काळ्यानं विचारलं: कार्ड वापरण्यायोग्य करायचे? हो. नाही.

आता कचेरीत काम केलेल्या माणसालाच हे कळेल. कागदावर हो-नाही विचारलेलं असलं आणि तुम्ही नाही म्हटलंत, तर कारण द्यावं लागतं. हो म्हटलं की कागद पुढे जातो. बावीस वर्षांत मी एकदाही नाहीवर खूण केलेली नाही. मी हो दाबलं.

मेहुणा माझ्या हाताकडे धावला तो उशीर झाल्यावर. कार्ड वापरण्यायोग्य झालं होतं, म्हणजे रिकामं. मेहुण्यानं ते घरी नेलं, दुसऱ्या दिवशी आणून दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा यंत्राची बाजू न घेता मान हलवली.

आईला मी सांगितलं तेव्हा ती खाली बसून खुर्चीखालचे मटार वेचत होती. तिनं विचारलं की सगळंच गेलं का. मी म्हणालो, सगळं. "बरं," ती म्हणाली, आणि आणखी एक मटार तिनं पाटीत टाकला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी हात धुतले, पण रबरी मोजे काढले नव्हते हे नंतर लक्षात आलं.

गुरुवारी सुट्टी वाढवायचा अर्ज केला. कारण: कार्यालयीन नव्हे, तरी निकड. साहेबांनी तो तसाच मंजूर केला, मला वाटतं न वाचता.

बाब ७. चिकाटी.
लाल: दोनशे सहा फोटो. काळा: एकशे नव्वद.
शेरा: डोळे मिटलेले, तीनशे चौऱ्याण्णव. अर्धे उघडे, दोन.

त्या दोनांतला बरा फोटो शुक्रवारी छापून मी एकटा तलावाच्या खिडकीवर गेलो. नुसतं विचारायला. खिडकीतला कारकून सभ्य माणूस होता. त्यानं टेबलाच्या खणातून भिंग काढलं, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं की हे उघडे म्हणायचे की मिटलेले. मी म्हणालो, मधले. त्यानं खेदानं सांगितलं की मधल्यांची सोय अर्जात नाही. परत निघताना मी जागा विचारल्या. एक उरली होती.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. काका म्हणाले, खुर्ची दोन बोटं मागे घेऊन पाहू. बायको म्हणाली, आता कुणी खुर्चीला हात लावला तर मी घर सोडून जाईन. आई म्हणाली की उद्या मीही येते, सही करायला मी लागेनच. फोटो नसताना सही कशावर करणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवार. अकरा पन्नास.

तलावाच्या कचेरीत ओल्या सिमेंटचा आणि औषधाचा वास होता. माझ्या खांद्यावर पिशवी, पिशवीत दोन्ही कॅमेरे, दोन्ही खोके, सगळे कागद. तिथून थेट दुकानात जायचं होतं. आईनं अर्ज खिडकीवर ठेवला. कारकुनानं फोटोच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. मी पिशवी उघडली आणि आईला म्हणालो, भिंतीपाशी उभी राहा, शेवटचं एकदा, आता काढतो, हां, आता…

"दे इकडे," आई म्हणाली.

तिनं पिशवीत हात घातला. हाताला आला तो काळा. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, मोठं बटण कुठलं ते मला विचारलं, आणि कपडे बदलायच्या खोल्यांकडे जाणाऱ्या पांढऱ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोन्ही हात लांब केले. कॅमेरा स्वतःकडे वळवला. मी तिला सांगणार होतो की अशानं अंतर चुकतं, की पडदा तिकडच्या बाजूला राहतो, की काकांच्या मते बिंदू पक्का लागतो. टिक् असा आवाज झाला.

मी पाहिलं. उघडे. लख्ख, टवटवीत, दोन्ही.

तीनशे शहाण्णव वेळा जे जमलं नाही ते कसं जमलं, असं मी विचारलं. आई बटवा बंद करत होती.

"तुम्ही सगळे आता, आता, आता म्हणत राहता," ती म्हणाली. "तो आता कधी येऊन आदळेल या धाकानं मी डोळे मिटते. या वेळी मला ठाऊक होतं ना, कधी ते."

समोर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथं फोटो छापून मिळत होते, पण आमच्यापुढे एक गृहस्थ आपल्या कुत्र्याचे बारा फोटो छापून घेत होते. मी त्यांना आमचा अर्ज दाखवला. त्यांनी घड्याळ पाहिलं, कुत्र्याला थांबवलं आणि बाजूला झाले. बारा वीस.

खिडकीवर भिंग बाहेर आलं. कान, आहेत. दात, नाहीत. डोळे… कारकुनानं भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि मान डोलावली. मग त्याचं बोट फोटोच्या खालच्या कडेला गेलं. तिथं दोन्ही बाजूंनी आईचे खांदे पुढे आले होते आणि दोन हात कडेच्या बाहेर जात होते, जणू ती कारकुनालाच धरायला निघालीय. हा फोटो स्वतःच स्वतःचा काढलेला दिसतो, तो म्हणाला. असं चालेल का ते साहेबांना विचारावं लागेल. साहेब सोमवारी येतील.

आईनं माझ्याकडे पाहिलं. या आठवड्यात पहिल्यांदाच.

मी पिशवी खाली ठेवली. अर्ज माझ्याकडे वळवून घेतला आणि अटी मोठ्यानं, एकेक करून वाचल्या. समोरून घेतलेला. कोणी घेतलेला ते लिहिलेलं नाही. दोन्ही कान. हातांचा उल्लेख नाही. हातांबद्दल अट नसताना हातांसाठी अर्ज रोखायचा असेल तर रोखण्याचं कारण लेखी द्यावं लागेल, तारखेसह, वेळेसह, आणि खाली सही तुमची, साहेबांची नव्हे. मी हे भांडणाच्या आवाजात नाही म्हणालो. रोज दुपारी दोन ते सहा ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात म्हणालो.

कारकुनानं अर्ज पुन्हा आपल्याकडे वळवला. मग त्यानं आदरानं विचारलं, "कुठल्या खात्यात?"

"भांडार."

"तरीच," तो म्हणाला, आणि शिक्का उचलला. क्रमांक वीस.

अंतिम निवड: काळा.
कारण: अर्जदाराच्या हाती आला.
लाल दुकानदाराला परत. त्यानं खोक्याची चिकटपट्टी तपासली आणि माझं कौतुक केलं. लालमध्ये काय कमी होतं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, दोन्ही चांगले आहेत.

सोमवारी सकाळी सात वाजता मी आईबरोबर तलावावर गेलो. नवा कॅमेरा, धुतलेली दोरी, भरलेली बॅटरी. दारावरच्या बाईनं पाटी दाखवली, फोटो काढण्यास मनाई, आणि कॅमेरा तिच्या टेबलाच्या खणात ठेवून घेतला. तेव्हा मी काचेमागे नुसता उभा राहिलो. वीस बायका कठड्याला धरून पाण्यात उभ्या होत्या. शिकवणाऱ्या बाई काहीतरी सांगत होत्या, काचेतून ऐकू येत नव्हतं. एकोणीस बायका धरूनच होत्या. आईनं आधी डावा हात सोडला. मग इकडेतिकडे न बघता उजवा.

ती हनुवटीपर्यंत गेली, नाकापर्यंत गेली, आणि मी काचेला दोन्ही तळवे लावले. मग ती वर आली, पाणी उडवत, अंगात नसलेल्या चपळाईनं हातपाय मारत, आणि बाईंनी पुढे धरलेल्या काठीपर्यंत पोचली.

बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते आणि ती थरथरत होती. मी टॉवेल दिला.

"दिसलं का?"

"दिसलं."

"किती गेले?"

मी अंदाजानं सांगितलं, चार हात.

"सहा," आई म्हणाली. "उद्या नीट बघ."